गर्दीला जागा लागते

भाऊबीज झाली की झाडीपट्टीत नाटकांचा मोसम उभा राहतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत धानाची कापणी उरकत आलेली असते, वडशातील नाटक कंपन्यांच्या तारखा भरलेल्या असतात, आणि मंडईच्या निमित्ताने थेट होळीपर्यंत गावोगावी रात्रभर नाटके चालतात. या रंगभूमीबद्दल शहरात बसून लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांचा एक ठरलेला अभिप्राय आहे : जिवंत आहे, पण भडक आहे. आवाज मोठा, हातवारे मोठे, रंग मोठे; बारकावा नाही. असा अभिप्राय कानावर आला की मी एक प्रश्न विचारतो. आपण प्रयोग पाहिला की चित्रफीत? बहुतेकांनी चित्रफीत पाहिलेली असते, आणि तीही मोबाइलवर. २०२३ साली झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा माझ्या ओळखीच्या कितीतरी नागपूरकरांनी ही रंगभूमी पहिल्यांदा पाहिली ती अशीच, हाताच्या तळव्यावर.

माझे म्हणणे असे की, भडकपणाचा हा आरोप पूर्णपणे नाटकावरचा नाही. त्यातला काही भाग फाईलवरचा आहे. चित्रफीत कोणत्या पद्धतीने आणि किती दाबून ठेवली यावर तिच्यातले काय उरते हे ठरते, आणि जे उरते त्यावरच आपण समीक्षा करतो. फाईलचा आकार आणि चित्राचा दर्जा यांचा मेळ घालणे हे काम आपण कॉम्प्युटरच्या दुकानातल्या मुलावर किंवा मोबाइलमधल्या ॲपवर सोपवले आहे. पण ते काम संपादनाचे आहे. काय ठेवायचे आणि काय काढायचे याचा निर्णय तिथे होतो.

माझ्या संग्रहात एका नाटकाच्या एकाच प्रयोगाच्या दोन प्रती आहेत. पहिली मिनी-डीव्ही टेप, दुसरी त्याच टेपवरून काढलेली व्हीसीडी. नाटकाचे आणि कंपनीचे नाव देत नाही, कारण इथे परीक्षण त्यांचे नाही. त्यात गावजेवणाचा एक प्रसंग आहे. मंचावर पंधरा-वीस माणसे, वाढपी ये-जा करताहेत, मागे रंगवलेला पडदा. एका बाजूला आई उभी आहे. कुणीतरी तिच्या कानात मुलाची बातमी सांगते. ती ओरडत नाही. खांबाला धरते, पदराचे टोक बोटाला गुंडाळू लागते, ओठ हलतात, आणि पंगतीतल्या एकाने पाणी मागितले तर ते त्याला देते. टेपवर हे सगळे दिसते. व्हीसीडीवर तिच्या चेहऱ्याच्या जागी तपकिरी चौकोनांचा पुंजका आहे. पुढच्या मिनिटात पंगत उठून जाते, ती समोर येते आणि आक्रोश करते. तो आक्रोश मात्र दोन्ही प्रतींत व्यवस्थित आहे. व्हीसीडीच्या प्रेक्षकाला ही नटी फक्त आक्रोश करताना भेटते.

यावर रास्त आक्षेप असा येईल की व्हीसीडीचे चित्रच लहान असते. खरे आहे. आपल्याकडच्या पाल पद्धतीत डीव्ही टेपची चौकट ७२० बाय ५७६ बिंदूंची, आणि व्हीसीडीची ३५२ बाय २८८ ची. म्हणजे जेमतेम चौथा हिस्सा. पण तेवढ्याने हा प्रकार उलगडत नाही. कारण त्याच व्हीसीडीत, पहिल्या अंकात, तीच नटी मंचावर एकटी असताना, कॅमेऱ्यापासून तितक्याच अंतरावर, तिचे ओठ आणि भुवया वाचता येतात. चौकट तीच आणि अंतर तेच. फक्त सोबतीला वीस माणसे आली आणि तिचा चेहरा गेला. चेहऱ्याचा वाटा त्या वीस जणांनी खाल्ला.

हे कसे होते ते समजून घेण्यासाठी थोडे गणित करावे लागेल. दिवाळी अंकाच्या वाचकाला आकडेमोडीने दमवण्याचा हेतू नाही, पण हा विषय आकड्यांशिवाय हवेत राहतो. आज साधा मोबाइलही १९२० बाय १०८० बिंदूंचे चित्र घेतो. प्रत्येक बिंदूच्या लाल, हिरव्या, निळ्या रंगाला एकेक बाइट धरला आणि सेकंदाला २५ चित्रे धरली, तर एका सेकंदाला साधारण १५५ मेगाबाइट होतात. तासाला सुमारे ५६० गीगाबाइट. पाच-सहा तासांचे एक नाटक असे ठेवायचे तर तीन टेराबाइट लागतील. म्हणजे दाबणे अटळ आहे. ‘अजिबात कॉम्प्रेस करू नका’ म्हणणाऱ्या शुद्धतावाद्यांशी माझे पटत नाही. कॅमेरा स्वतःच दाबून देतो, आणि ते ठीकच आहे. काय गाळले, हा प्रश्न मात्र उरतोच.

पहिली गाळणी रंगाची. माणसाचा डोळा उजेड-अंधारातला फरक जितका टिपतो तितका रंगातला फरक टिपत नाही. म्हणून बहुतेक पद्धती उजेडाची माहिती प्रत्येक बिंदूची ठेवतात आणि रंगाची मात्र चार बिंदूंमागे एकच. एवढ्यानेच फाईल निम्मी होते. याची किंमत आपल्याकडे लाल लुगड्याच्या काठाला मोजावी लागते. काळ्या पडद्यासमोरच्या लाल पदराची कड सांडल्यासारखी दिसते ती यामुळे. ही किंमत मला मान्य आहे.

दुसरी गाळणी अधिक खोल आहे आणि तिच्यामागे एका भारतीय माणसाचे डोके आहे. बंगळूरला जन्मलेले नासिर अहमद यांनी अमेरिकेत टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत जानेवारी १९७४ मध्ये ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ नावाची गणिती रीत प्रसिद्ध केली. त्याआधी या कामासाठी त्यांनी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे निधी मागितला होता, तो मिळाला नव्हता. पुढे छायाचित्रांची जेपेग पद्धत, चित्रफितींच्या एमपेगपासून आजच्या एव्ही१ पर्यंतच्या पद्धती, साऱ्या या रीतीवर किंवा तिच्या भावंडांवर उभ्या राहिल्या. रीतीचा पाया एका साध्या गृहीतकावर आहे : चित्रातला एक बिंदू बहुधा शेजारच्या बिंदूसारखाच असतो. भिंत भिंतीसारखी, आभाळ आभाळासारखे, गाल गालासारखा. मग प्रत्येक बिंदू वेगळा लिहायचा कशाला? चौकोनाची सरासरी लिहा, मोठे चढउतार लिहा, आणि अगदी बारीक चढउतार जागा नसेल तर सोडून द्या.

तिसरी गाळणी काळाची. एका चित्रानंतरचे चित्र बहुधा आधीच्यासारखेच असते. म्हणून अधूनमधून एकच चित्र पूर्ण लिहितात आणि मधल्या चित्रांत फक्त ‘काय हलले’ एवढे लिहितात.

आता या गृहीतकांसमोर दोन प्रसंग ठेवा. एक, सभागृहातली गाण्याची बैठक. मागे एकरंगी पडदा, गवई मांडी घालून बसलेला, तंबोरे स्थिर, हलतात ते हात आणि मान. शेजारचा बिंदू सारखा, पुढचे चित्र सारखे. कोणतीही पद्धत घ्या, कितीही दाबा, गवई साजरा दिसतो.

दुसरा प्रसंग नागपूरचा. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी निघणारी मारबतींची मिरवणूक. काळी मारबत १८८१ पासूनची आणि पिवळी १८८५ पासूनची मानली जाते. इतवारीत दोघींची गाठ पडते तेव्हा रस्त्यावर माणसाला माणूस चिकटलेला असतो. हजारो डोकी, प्रत्येक डोके वेगळ्या दिशेने हलते आहे, बडग्यांच्या अंगावर चिकटवलेली कागदांची भेंडोळी फडफडताहेत, श्रावण अमावास्येच्या सुमाराचा पाऊस कधीही येतो आणि छत्र्या उघडतात, चित्रीकरण करणाऱ्याला धक्के बसतात म्हणून अख्खी चौकटच हलते. इथे शेजारचा बिंदू शेजाऱ्यासारखा नाही आणि पुढचे चित्र मागच्यासारखे नाही. गणिताने ज्या दोन गोष्टी गृहीत धरल्या, त्या दोन्ही इतवारीत खोट्या ठरतात.

म्हणून ‘तासाला अमुक एमबी’ असा एकच नियम बैठकीला आणि मारबतीला लावला की तो समान नियम राहत नाही. बैठकीला पोटभर मिळते आणि मारबत उपाशी राहते. मारबतीच्या बहुतेक चित्रफितींत गर्दी म्हणजे नुसता लगदा दिसतो, आणि पाहणारा म्हणतो, ‘काय तो गोंधळ!’ प्रत्यक्षात त्या गर्दीत प्रत्येक माणूस काहीतरी निश्चित करत असतो. कुणी ओरडतो, कुणी खांद्यावरच्या लेकराला मारबत दाखवतो, कुणी नुसते हात जोडतो.

व्हीसीडी हे या अन्यायाचे सर्वांत ठसठशीत उदाहरण. १९९३ साली ठरलेल्या या पद्धतीत एमपेग-१ वापरतात आणि चित्रासाठी सेकंदाला ११५० किलोबिट ठरलेले असतात. पडदा पडलेला असो की मंचावर पन्नास माणसे नाचत असोत, मिळणार तेवढेच. एका तबकडीवर ७४ मिनिटे. सहा तासांचे झाडीपट्टी नाटक म्हणजे पाच तबकड्या. म्हणून नाटक कापले जाई, आणि कापताना गाणी व आक्रोश ठेवून मधले संथ प्रवेश काढले जात. म्हणजे बारकावा दोनदा मारला गेला, आधी कात्रीने आणि मग गणिताने.

तरीही व्हीसीडीला मी शिव्या देणार नाही. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला भीमगीतांच्या कॅसेटी आणि पुढे तबकड्या यांचे जे स्टॉल लागत, ते ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ठाऊक आहे की स्वस्त तबकडीने गायक आणि शाहीर घरोघरी पोहोचवले. खडी गमतीतला नाच्या ज्यांनी कधी पाहिला नसता त्यांनी तो व्हीसीडीवर पाहिला. प्रसाराचे माध्यम म्हणून तिने आपले काम चोख केले. घोटाळा झाला तो पुढे, जेव्हा प्रसाराची प्रत हीच जतनाची प्रत ठरली. व्हीसीडी निघाली म्हणून टेप पुन्हा वापरली गेली. लग्नाच्या मोसमात मिनी-डीव्हीच्या कोऱ्या टेपेला पैसे पडत. ज्या टेपेवर गमत होती तिच्यावर कुणाचे तरी रिसेप्शन चढले. यात कुणाला दोष देऊ? त्याचे पोट त्या टेपेवर होते.

मिनी-डीव्हीबद्दल मात्र मी थोडे कौतुकाने बोलणार आहे, कारण झाडीपट्टीच्या बाजूने पाहता त्या काळातले सर्वांत न्यायी माध्यम तेच होते. सेकंदाला २५ मेगाबिट, म्हणजे व्हीसीडीच्या वीसपटीहून अधिक. तासाला सुमारे १३ गीगाबाइट. पण जागेहून महत्त्वाची गोष्ट अशी की डीव्ही प्रत्येक चित्र स्वतंत्र दाबते. ‘मागच्यासारखेच’ म्हणून पुढचे चित्र टाळायची सोय तिच्यात नाही. त्यामुळे वाढपी पळाले म्हणून आईच्या पदराचा हिस्सा कमी होत नाही. तंत्रज्ञ याला उधळपट्टी म्हणतील, आणि बैठकीच्या बाबतीत ती उधळपट्टी आहेच. गर्दीच्या बाबतीत ती रास्त मजुरी आहे.

या टेपा संगणकावर घेतानाही एक नासाडी सर्रास होते, तिचा उल्लेख करायलाच हवा. त्या काळचे चित्र पूर्ण चौकटींचे नसून अर्ध्या-अर्ध्या ओळींचे असते. सेकंदाला पन्नास अर्धी चित्रे. एकात एकाआड एक अशा विषम ओळी, दुसऱ्यात सम. ही अर्धी चित्रे न सोडवता तशीच नव्या पद्धतीत दाबली की हलणाऱ्या हाताला कंगव्याचे दात फुटतात, आणि दाबणारे यंत्र त्या दातांना ‘बारकावा’ समजून त्यांच्यावर जागा खर्च करते. एक अर्धे चित्र फेकून दिले तर दात जातात, पण त्यांच्याबरोबर निम्मी हालचालही जाते. ढोलकीवरची बोटे आणि घुंगरांचे पाय यांना त्याचा फटका बसतो. दोन्ही अर्ध्यांपासून सेकंदाला पन्नास पूर्ण चित्रे करणे हा योग्य मार्ग आहे. मोफत सॉफ्टवेअरमध्ये तो आहे, वेळ मात्र जास्त लागतो. एका लोककला उपक्रमाने माझ्याकडून घेतलेल्या टेपा अशा दातांसकट एका डीव्हीडीवर कोंबून परत केल्या होत्या. वर ‘डिजिटायझेशन पूर्ण’ असा शिक्का. नाव सांगत नाही, कारण ही पद्धत एकट्याची नाही.

आता आजच्या फाईलींकडे. २००३ साली आलेली एच.२६४ ही पद्धत आज जवळपास प्रत्येक मोबाइल, टीव्ही आणि संगणकाला समजते. २०१३ ची एच.२६५ साधारण निम्म्या जागेत तोच दर्जा देते असे म्हटले जाते. त्यानंतर २०१८ ची एव्ही१. तिच्यावर परवान्याचे शुल्क नाही, आणि ती आणखी आटोपशीर आहे. दुकानातला सल्ला ठरलेला असतो : नवीन घ्या, फाईल लहान होते. सल्ला खोटा नाही, पण ती लहान होते कुठून, हे बघायला हवे. एच.२६४ चित्राचे चौकोन १६ बाय १६ चे पाडते, एच.२६५ ६४ बाय ६४ पर्यंत जाते, आणि एव्ही१ १२८ बाय १२८ पर्यंत. मोठा चौकोन सपाट जागी उपयोगी. आभाळ किंवा भिंत एका झटक्यात लिहून होते. गर्दीत त्या मोठ्या चौकोनाचे पुन्हा लहान-लहान तुकडे करावे लागतात आणि बचत आटते. फायदा तिथेही होतो, पण भिंतीवर जितका होतो तितका नाही. तेव्हा ‘निम्मी जागा’ हे आश्वासन ऐकून कुणी मारबतीची फाईलही डोळे मिटून निम्मी केली, तर गर्दीचा लगदा पुन्हा हजर.

त्याहून बिकट प्रश्न रात्रीचा आहे. झाडीपट्टीचे नाटक रात्री दहाच्या सुमारास सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. उजेड कमी पडला की कॅमेरा स्वतःची संवेदनशीलता वाढवतो आणि चित्रात दाणे येतात, जणू कुणी बारीक कणी उडवतो आहे. हे दाणे दर चित्रात वेगळे असतात. यंत्राला वाटते, सगळी चौकट हलते आहे. ते दाण्यांवर जागा खर्च करते आणि अंधारातला चेहरा कोरडा राहतो. नव्या पद्धती कमी जागेत याच्या उलट टोकाला जातात. दाणे आणि कातडीचा पोत यांत फरक न करता दोन्ही पुसून टाकतात. चेहरा गुळगुळीत, मेणाचा. एव्ही१ मध्ये तर अशी सोय आहे की दाणे आधी काढून टाकायचे, ते कसे होते याचे वर्णन तेवढे लिहून ठेवायचे, आणि दाखवताना यंत्राने त्या वर्णनाबरहुकूम नवे दाणे पेरायचे. पाहायच्या प्रतीला ही युक्ती मला चालते. जतनाच्या प्रतीला ती चालू नये. धूळ खोटी असेल तर धुळीआड काय होते हे पुढच्या अभ्यासकाने कसे ओळखायचे?

दर्जा मोजायला आकडेही आहेत. नेटफ्लिक्सने २०१६ मध्ये खुला केलेला व्हीमॅफ हा शून्य ते शंभरचा गुणांक आज बराच वापरतात. प्रेक्षकांनी दिलेल्या गुणांवर तो घडवलेला आहे आणि जुन्या मोजमापांपेक्षा डोळ्याच्या जवळ जातो. मी तो वापरतो. पण बहुधा अख्ख्या चित्रफितीची सरासरी काढून एक आकडा सांगतात, आणि समीक्षकाची अडचण तिथे सुरू होते. सहा तासांच्या नाटकात पदर गुंडाळण्याचे ते पाच सेकंद म्हणजे ४३२० वा भाग. तो भाग पूर्ण बिघडला तरी सरासरीचा केसही हलत नाही. परीक्षेतला एकूण टक्का बघून मुलाला कविता कळली की नाही हे सांगता येत नाही, तसेच हे. गुणांक काढायचाच तर सर्वांत वाईट मिनिटाचा काढावा आणि मग ते मिनिट डोळ्यांनी पाहावे. झाडीपट्टीत ते वाईट मिनिट बहुधा तेच असते जिथे मंचावर गर्दी आहे आणि एक माणूस गप्प आहे.

मग निवडायचे काय? मला विचारणारे बहुतेक जण एका वाक्यात उत्तर मागतात, आणि ते देता येत नाही, कारण प्रश्नच तीन आहेत : जपायचे काय, पाहायचे काय, पाठवायचे काय. जुनी डीव्ही टेप असेल तर तिच्यावरची मूळ माहिती न बदलता जशीच्या तशी उतरवून घ्यावी. तासाला १३ गीगाबाइट ऐकून लोक दचकतात. पण चार टेराबाइटच्या एका डिस्कवर असे तीनशे तास मावतात, आणि तीनशे तास म्हणजे सहा तासांची पन्नास नाटके. व्हीएचएससारखी जुनी टेप असेल तर तिच्यासाठी एफएफव्ही१ ही पद्धत घ्यावी. ती काहीही न गाळता दाबते, जगातली अनेक संग्रहालये ती वापरतात, आणि तिचा तपशील २०२१ साली खुले मानक म्हणून प्रसिद्ध झाला आहे. म्हणजे उद्या एखादी कंपनी बुडाली तरी फाईल उघडण्याची रीत हरवणार नाही. मोबाइलवर घेतलेले असेल तर मोबाइलने दिलेली फाईल हीच मूळ प्रत. तिला ‘चांगल्या’ पद्धतीत बदलून घेण्यात काही मिळत नाही. एकदा गाळलेले परत येत नाही, प्रत्येक रूपांतरात आणखी थोडे मात्र जाते.

पाहायच्या प्रतीसाठी एच.२६४ पुरे. जुन्या टीव्हीवर आणि गावातल्या स्वस्त मोबाइलवरही ती चालते, आणि हा गुण मला तीस टक्के जागेपेक्षा मोठा वाटतो. मात्र ‘तासाला अमुक एमबी’ असा आकार ठरवून देऊ नये. सॉफ्टवेअरमध्ये दर्जा ठरवून देण्याची सोय असते. तिला सीआरएफ म्हणतात. आकडा जितका लहान तितका दर्जा वरचा. एक्स२६४ मध्ये तो मुळात २३ ठेवलेला असतो; रात्रीच्या नाटकासाठी मी १८ च्या आसपास राहतो. सहा अंकांनी उतरले की फाईल साधारण दुप्पट होते, एवढा अंदाज ठेवावा. या सोयीत यंत्र स्वतःच बैठकीला कमी आणि मारबतीला जास्त जागा देते. फाईल केवढी होईल हे आधी सांगता येत नाही, ही तिची एकच अडचण. आणि नेमकी तीच अडचण कार्यालयांना सोसत नाही. लोककलांच्या एका स्पर्धेच्या प्रवेशपत्रिकेत मी वाचले होते की प्रत्येक संघाने एकाच ठरलेल्या आकाराची फाईल पाठवावी. एकपात्री करणारा आणि चाळीस जणांची दंडार यांना एकच वाटी. परीक्षकांनी मग दंडारीत ‘सफाई नाही’ असे लिहिले तर नवल काय?

पाठवायच्या प्रतीबद्दल फार लिहीत नाही. व्हॉट्सॲपवर व्हिडिओला दीर्घकाळ १६ एमबीची मर्यादा होती. तीन मिनिटांच्या गाण्याला त्या हिशेबाने सेकंदाला सुमारे ७०० किलोबिट येतात, म्हणजे व्हीसीडीच्याही खाली. पद्धत नवी म्हणून थोडे निभते इतकेच. तोच व्हिडिओ ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर न दाबता जातो, आणि २०२२ पासून तिथे दोन गीगाबाइटपर्यंत मुभा आहे. झाडीपट्टीतल्या कलावंतांना मी हे एवढे एकच आवर्जून सांगतो, कारण कित्येकांकडे स्वतःच्या भूमिकेची जी एकमेव चित्रफीत उरली आहे ती सहा हातांतून फिरून आलेली असते.

झाडीपट्टीचा अभिनय मोठा आहे, हे मी नाकारत नाही. उघड्या मैदानात, हजारोंसमोर, शेवटच्या माणसापर्यंत पोहोचायचे तर तो मोठाच असणार. पण मोठ्याच्या शेजारी लहान काय होते, हे पाहिल्याशिवाय त्याला भडक म्हणणे म्हणजे अर्धे पान वाचून कादंबरीचे परीक्षण लिहिणे. गेल्या काही वर्षांत या रंगभूमीवर जे लेखन झाले, त्यात चित्रफितींचा आधार घेतलेला असतो. त्या कोणत्या प्रतीच्या होत्या हे मात्र कुठे नोंदवलेले दिसत नाही. पोथीवर काम करणारा संशोधक प्रत कुठली, पाठ कुठला, किती पाने गहाळ हे आधी सांगतो. चित्रफितीवर काम करणाऱ्यानेही मूळ माध्यम, किती वेळा रूपांतर झाले आणि चौकट केवढी, एवढे तरी सांगायला हवे.

एक तांत्रिक मुद्दा राहिला. बहुतेक फाईली प्रत्येक रंगछटेला आठ बिट देतात, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या. दिवसा त्या भरपूर असतात. झाडीपट्टीच्या शेवटच्या अंकात पहाट होते. मंडपाच्या कडेने आभाळ काळ्याचे निळे होऊ लागते, आणि या साऱ्या छटा अगदी खालच्या वीस-तीस पायऱ्यांत दाटीने बसलेल्या असतात. दाबल्यावर त्यांचे पट्टे पडतात. आभाळ जिन्यासारखे दिसते. दहा बिटांत १०२४ पायऱ्या मिळतात आणि पट्टे जवळजवळ जातात. आजचे बरेच मोबाइल दहा बिटांत चित्रीकरण करतात, फक्त अनेकदा ती सोय सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावी लागते. यंदा वडशाकडे कुणी जाणार असेल तर नाटकाला बसण्यापूर्वी तेवढे करावे, आणि शेवटच्या अंकापर्यंत बॅटरी शिल्लक ठेवावी.